शरिफाबीच्या बनातल्या खुणा

सकाळी शरिफाबी बनात शिरली आणि पहिल्याच कडुलिंबाच्या बुंध्यावर गेरूचा ताजा पट्टा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या महिन्यातला हा चौथा.

हणमंतप्पा सुताराची ही जुनी रीत. घरासाठी लाकूड हेरायचं तर तो सुतळीनं बुंधा मोजायचा, दोन बुक्क्या मारून कान लावायचा आणि पसंत पडलं की गेरू फासायचा. खूण पडली की झाड त्या घराच्या नावाचं झालं. मग दुसरा कुणी त्याला हात लावायचा नाही. झाडाच्या मालकाला विचारणं मात्र या रीतीत कुठंच बसत नव्हतं.

आण्णासाहेबांनी जळकोटात सडकेच्या कडेला आपलं रान मोडून नवी पेठ पाडली, तेव्हापासून हा वैताग सुरू झाला. महायुद्धापायी पत्रा मिळेनासा झालेला, म्हणून जो तो लाकूड-मातीचं माळवद घालणार, आणि माळवदाला तुळया लागणार. त्या कुठं? तर हाताच्या अंतरावर, शरिफाबीच्या बनात. तिच्या सासऱ्यानं मुरमाड माळावर घागरीनं पाणी घालून जगवलेली शंभर-सव्वाशे झाडं होती ती. लिंब, चिंच, बाभळ. नवरा, दादामियाँ, गेल्यापासून ती रोज दुपारी तिथं जाऊन बसायची. तिथं बसलं की तिला बरं वाटायचं आणि ते मोडलेलं तिला बघायचं नव्हतं. एवढं साधं कारण, पण ते कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

प्रत्येकाला एकच झाड पाहिजे होतं. “एकानं काय हुतंय, चाची?” असं म्हणत म्हणत अठरा गेली होती. तिनं काट्यांचं कुंपण घातलं, पेठेनं ते चुलीत घातलं. कचेरीत उर्दूत अर्ज दिला, तर कारकून म्हणाला, तोडणाऱ्याचं नाव सांगा. नाव सांगायचं तर अख्खी पेठ लिहून द्यावी लागली असती. बनाला लागून घर बांधलेली दगडाबाई तर म्हैसच आत बांधायची आणि वर हिलाच विचारायची, “चाची, तुमच्या झाडाचा पाला लई गळतुया, आमी किती झाडायचा?”

यात आण्णासाहेब दर आठवड्याला येऊन ओसरीवर बसायचे. “चाची, किती दिवस राखणार? देऊन टाका मला. झाडं लोकांच्या घराला लागतील, जागेवर आणिक वीस घरं बसतील.”

“तुमचं रान तुमी मोडलं, आण्णासाहेब. माझं मोडाया म्या अजून मेले न्हाय.”

तर त्या सकाळी हणमंतप्पा तिला बनातच सापडला. पुढच्या झाडाला सुतळी गुंडाळत होता.

“हे कुणाच्या नावाचं रे, मेल्या?”

“पेठेतल्या बलभीमच्या,” तो शांतपणे म्हणाला. “आधीच खूण केल्याली बरी, चाची. मागं एका चिंचेवर दोघांनी हक सांगितला, तर पेठेत कुऱ्हाडी निघाल्या. खुणेच्या झाडावरनं लोकं जीव द्याया तयार हुत्यात.”

शरिफाबी तोंड उघडून शिव्या देणार होती, ती तशीच थांबली. मग म्हणाली, “तुझ्याकडं गेरू किती हाय?”

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं सगळ्या पेठेला बनात बोलावलं. म्हणाली, “घेवा बाबांनो, एकदाचे घेवा. दर घराला झाड. उरलेली गावातल्या घरांना. पर सगळ्यांची कुऱ्हाड एकाच दिवशी पडायची, सगळे हजर पायजेत. न्हायतर मागनं म्हणाल, त्यानं आधी येऊन जाड लाकूड नेलं.” लोकांना हे फार पटलं. हणमंतप्पा झाडाझाडाला खूण करत फिरला आणि प्रत्येकानं आपापलं झाड नीट ओळखून ठेवलं. तो दिवस शरिफाबीनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक.

तोडायचा दिवस काही ठरेना. एकाला सुतक, एक सोलापूरला गेलेला, एकाचं झाड बारीक, म्हणून तो म्हणे आणखी दोन वर्षं भरू द्या. बलभीमनं एकट्यानं कुऱ्हाड आणली, तर चौघांनी त्याला हात धरून घरी पोचवला. दगडाबाईनं म्हैस बाहेर बांधली आणि दुसऱ्याची शेळी तिच्या चिंचेला तोंड लावायला आली, की ती काठी घेऊन धावू लागली. आण्णासाहेब पुन्हा जागेचं बोलले तेव्हा पेठच त्यांच्या दारात गेली. “आमची झाडं हायती तितं,” म्हणाली. शरिफाबी वर्षभर ओसरीवर बसून हे बघत राहिली.

पुढच्या श्रावणात झडीनं तिच्याच माळवदाची तुळई मोडली. हणमंतप्पाला घेऊन ती बनात गेली. एक झाड बघ, दोन बघ. प्रत्येकावर गेरू. सगळं गाव वाटून झालं होतं आणि स्वतःच्या नावाचं एक झाड ठेवायचं ती विसरली होती.

“या अल्लाह! माझ्याच बनात!” तिनं एका वाकड्या बाभळीवर हात ठेवला. तेवढ्यात दगडाबाई आली. बाभळ तिच्या दिराची होती.

“चाची, हात काढा. सगळ्यांची कुऱ्हाड एकाच दिवशी पडायची. तुमीच म्हणाला हुता की.”

“अगं भवाने, माझं घर गळतंय!”

“मग आमच्यात ऱ्हावा की चार दिस. झाड न्हाय मिळायचं.”

मागं आणखी पाच-सहा बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. शरिफाबीनं एकेकीचं नाव घेऊन तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण कुणी जागची हलली नाही. शेवटी दमून ती घरी परतली. हणमंतप्पानं परसातल्या मोडक्या बैलगाडीचं जाड लाकूड तुळईखाली टेकू म्हणून ठोकलं. टेकू वाकडा होता, दिसायला वाईट होता, आणि तो ठोकून होईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

हणमंतप्पा हत्यारं गोळा करून निघाला. उंबऱ्यापाशी तिनं त्याला हाक मारली.

“गेरू आणलाय का?”

“हाय की. का?”

“जाताना बनातनं जा. पावसानं खुणा पुसट झाल्यात, समद्या उजळून ठेव.”