सुकटीचा कप्पा

जोवेलिनला एका गोष्टीचा भारी तोरा होता. तिच्या ब्राउझरमध्ये कुणाचं कुणाला कळत नसे. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या घरात बसून ती परदेशातल्या दुकानदारांची खाती सांभाळायची आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा कप्पा द्यायची. निळ्यातल्या साइटला हिरव्यात काय चाललंय याची गंधवार्ता नाही. बँक तर लाल कप्प्यात एकटी, सोवळ्यात बसल्यासारखी. आईला, म्हणजे नेनिताला, त्याच संगणकावर खरेदीसाठी पिवळा कप्पा तिनेच करून दिला होता.

"म्हणजे तू चपला शोधल्यास तर बाकीच्या साइटींना पत्ता लागत नाही," तिने ऐटीत सांगितलं होतं.

"आणि एकाच साइटवर दुसऱ्या नावाने जायचं असेल तर?" आईने विचारलं होतं.

"नवा कप्पा कर, झालं!"

मृतांच्या सणाच्या आदल्या दुपारी आई फुलं आणि मेणबत्त्या आणायला बाजारात गेली होती. उद्या दोघी आजीच्या थडग्यापाशी जाणार होत्या आणि शेजारच्या बाबांच्या दगडापाशी. त्या दगडाखाली कुणी नव्हतं. जोवेलिन सहा वर्षांची असताना बाबा बोटीवर गेले आणि वादळात बुडाले. दर सणाला ती त्या दगडापुढे बसून वर्षभराच्या सगळ्या बातम्या सांगायची. यंदाची बातमी मोठी होती, तिचं लग्न ठरलं होतं. बाबांना कसं सांगायचं, याची ती सकाळपासून मनात जुळवाजुळव करत होती.

कामाला बसून तिने कप्प्यांची यादी उघडली, तर तळाशी एक नवाच कप्पा. राखाडी रंगाचा, नाव 'सुकट'. आईने आता मासळीपण इथूनच मागवायला घेतली की काय, म्हणून हसतच तिने तो उघडला.

आत गप्पांची साइट होती. खातं कुणा लीटाचं, पण फोटो आईचा, आणि ही लीटा एकाच माणसाशी बोलत होती. त्याच्या फोटोत केस पिकलेले आणि डाव्या भुवईतून गेलेली जुन्या जखमेची खूण. तीच खूण भिंतीवरच्या बाबांच्या फोटोत होती.

जोवेलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्यांनो, मेलेल्या माणसाचा चेहरा चोरून माझ्या आईला फसवता?" बाह्या सरसावून ती त्याची तक्रार करायला निघाली. तेवढ्यात त्याने पाठवलेला आवाजातला निरोप दिसला. पुरावा म्हणून तिने तो लावला.

"माझी चिंबोरी लग्नाला निघाली म्हणायची! जावई फोटोत तरी बरा दिसतोय."

लहानपणी ती खेकड्यासारखे चिमटे काढायची म्हणून बाबा तिला चिंबोरी म्हणत. ते नाव घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. तिने तो निरोप पुन्हा लावून ऐकला. त्याखाली आज सकाळचा निरोप होता: 'उद्या माझी मेणबत्ती मोठी आण. गेल्या वर्षीची फोटोत अगदीच बारकी दिसत होती.' आणि त्याला आईचं उत्तर: 'बघते.'

दार वाजलं. "काय गं, भूतबित बघितलंस का?" म्हणत आई आत आली आणि पडद्याकडे बघून जागच्या जागी थिजली.

"तो कप्पा तुला दिसतो?"

"आई, कप्पे साइटींपासून लपवतात, माणसांपासून नाही! मी रोज ह्याच खुर्चीत बसते!"

"हे नव्हतं सांगितलंस तू," आई पुटपुटली.

"बाबा जिवंत आहेत?"

"तिकडे दावाव शहरात असतो. दुसऱ्या एका बाईबरोबर. दोन मुलं आहेत त्यांना."

"आणि वादळ?"

"वादळ आलं होतं. बोट वाचली." आई पलंगावर टेकली. "सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं होतं मी? तू नको होतीस, म्हणून गेला? मेलेला बाप निदान तुझा तरी राहिला."

जोवेलिनला रडावं की ओरडावं ते समजेना. "इतकी वर्षं मी त्या दगडाशी बोलत बसले, आई. नोकरी लागल्याचं सांगितलं, आजारपण सांगितलं, सगळं सांगितलं. तू बाजूला उभी राहून ऐकत होतीस!"

"ऐकूनच तर त्याला कळवत होते गं," आई म्हणाली. "तुझा एक शब्द वाया जाऊ दिला नाही मी."

तिच्या मांडीवरची पिशवी कलंडली. झेंडूची फुलं पसरली, त्यांच्यामागून आजीची नेहमीची मेणबत्ती घरंगळली आणि मग मनगटाएवढी जाड दुसरी.