पार्कसाहेबांचा पेला

मी अंगठ्याएवढा काचेचा पेला बोलतोय. कोरियात मला घडवलं दारूसाठी, आणि पार्कसाहेबांच्या कपड्यांच्या घडीतून मी आलो तो सौदीत, रास अल खैरला. इथं दारूचं नावही काढायची सोय नाही. मग भाजलेल्या जवाच्या चहावर माझं भागलं. नशीब, दुसरं काय!

साहेब समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांचा फोरमन जमालुद्दीन, दाभोळचा. कंपनी त्याला पहिल्यांदाच कोरियाला धाडणार होती, म्हणून साहेब संध्याकाळी मला पुढं ठेवून त्याला तिथल्या पिण्या-पाजण्याच्या रीतीचे धडे देत. आपला पेला आपण भरायचा नाही. थोरांना दोन्ही हातांनी ओतायचं, त्यांच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं. मी तर पीत नाही, जमालुद्दीन चाचरत म्हणाला. मग तसं नम्रपणे सांग आणि पाणी घे, पण शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसला तर तू भर, अर्धा असेल तर मात्र हात लावू नकोस, असं साहेबांनी समजावलं. आमच्या या रीतीचा मला फार अभिमान वाटे.

पुढं साहेबांचं पोट दुखू लागलं. तपासणीत कर्करोग निघाला, तोही हाताबाहेर गेलेला. त्यांचं परतीचं तिकीट निघालं.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी अर्धाच चहा पिऊन मला खाली ठेवलं. जमालुद्दीन पडला कोकणातला. आग्रह केल्याशिवाय त्याला राहवेना. सगळे धडे विसरून त्यानं मला काठोकाठ भरलं.

 साहेब मोडक्या हिंदीत म्हणाले, "अर्ध्या पेल्यात आम्ही फक्त मेलेल्या माणसासाठी ओततो."

जमालुद्दीनचा चेहरा पांढराफटक पडला. माफी मागत तो मला उचलू लागला, तसा साहेबांनी त्याचा हात धरला.

"राहू दे, जमाल. माझ्यामागं ओतायला कोणी नाही, हीच काळजी होती. तू ओतलंस. झालं."

जमालुद्दीन ढसाढसा रडला. माझ्या काचेलाही तेव्हा तडा गेला असता तर बरं झालं असतं.

साहेब मायदेशी पोचले आणि थोड्याच दिवसांत गेल्याची बातमी आली. इथून निघताना मला ते जमालुद्दीनकडे ठेवून गेले होते. उद्या तो कोरियाला निघालाय, मी त्याच्या बॅगेत आहे. शिकवलेलं सगळं त्याला येतं. फक्त ज्यांना दोन्ही हातांनी ओतायचं, ते साहेब तिथं नाहीत. तिथल्या माणसांनो, माझं एवढंच मागणं आहे. त्याच्यापुढं पेला ठेवाल, तेव्हा त्याचे साहेब कसे होते ते विचारा. त्याला फार बोलायचंय.