बिनमिठाचं भांडं

खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका जेवत नाहीत, हे तिला डब्यांवरून कळलं. काकू जाऊन तीन आठवडे झाले होते. शेजाऱ्यांचे डबे सकाळी काकांकडे जात आणि संध्याकाळी भरलेलेच परत येत, सोबत एकच वाक्य, "छान होतं, पण भूक नव्हती." काकांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, हेही तिने हेरलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. नवरा म्हणायचा, "तुला गच्चीवर बसवलं तर गल्लीला पहारेकरी लागायचा नाही."

रविवारी तिने ओव्हन तापवला. बटाट्याच्या चकत्या, फ्लॉवर, दाट पांढरा सॉस, असे थरावर थर आणि वर लोणी. एकाच मापाची दोन काचेची भांडी भरली. एक काकांसाठी, दुसरं दहा महिन्यांच्या लेकीसाठी. डॉक्टरांनी वर्षाच्या आत मीठ नको म्हणून सांगितलेलं, तेव्हा लेकीचं बिनमिठाचं. घोळ नको म्हणून 'काका' आणि 'बाळ' अशा चिठ्ठ्याही केल्या. भांडी तापलेली, म्हणून त्या झाकणांना चिकटवल्या.

काकांनी दार अर्धंच उघडून भांडं घेतलं. "गरम आहे तोवर खा हं," म्हणून ती वर आली.

एरवी घास थुंकणारी लेक त्या दुपारी चिमणीच्या पिलासारखी चोच उघडून बसली. तिसऱ्या चमच्याला आईला आनंद व्हायच्या आधी शंका आली. तिने बोट लावून चाखलं. मीठ होतं.

"झाकणं कुणी लावली?"

"मी," नवरा म्हणाला. "कुठलंही कशालाही बसतं."

"म्हणून तर चिठ्ठ्या होत्या."

"मग त्या भांड्याला लावायच्या ना, बाईसाहेब."

लेकीला पाणी पाजता पाजता तिला खाली गेलेलं भांडं आठवलं. तीन आठवड्यांनी माणूस एक घास घेणार आणि तोही पांचट. आता काका पुन्हा चमच्याला हात लावायचे नाहीत. लेकीला कडेवर आणि मिठाची बरणी हातात घेऊन ती जिना उतरली.

दार सताड उघडं होतं. ओट्यावर वीसेक स्टीलच्या बरण्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्या उघड्या. मध्ये काका उभे, कामाचं भिंग कपाळावर सरकवलेलं.

"ये. मीठ विसरलीस तू."

"काका, ते बाळाचं होतं, चुकून..."

"हिने चाळीस वर्षांत मला या ओट्याशी फिरकू दिलं नाही. मीठ कुठे ते मला काय ठाऊक? आधी साखर निघाली. मग खायचा सोडा. त्याच्यावर तांब्याभर पाणी प्यालो."

"मग?"

"मग काय, सापडलं. अकराव्या बरणीत."

तिने भांड्याकडे पाहिलं. अर्ध्याच्या वर रिकामं होतं. तिने आपली बरणी हळूच लेकीच्या पाठीआड धरली. लेकीने मात्र काकांच्या चमच्याकडे झेप घेतली.

"तिला नको, काका. त्यात आता मीठ आहे."

"बरं आठवलं. तुझ्याकडे त्या चिकटवायच्या चिठ्ठ्या असतात ना? एक दे. उद्या पुन्हा सोडा खायचा नाही मला."

चिठ्ठ्या तिच्या खिशातच होत्या. काकांनी भिंग डोळ्यावर ओढून मुंगीएवढ्या अक्षरात 'मीठ' लिहिलं आणि झाकण उचललं.

"झाकणाला नको, काका," ती घाईने म्हणाली. "बरणीला लावा."