चिंचवडात माजलेली मोरस

चिमाजी पेणच्या खाडीकाठचा, पण नोकरीनं त्याला चिंचवडच्या एका फौंड्रीत भट्टीपुढं उभं केलं. खोली झाली, पगार चालू झाला, बायको मात्र टिकेना. शालन महिनाभर नांदून माहेरी गेली ती गेलीच. "तुमच्या चिंचवडात सगळंच गोडं," तिनं ऐकवलं. "पानी गोडं, माती गोडी, शेजारनी भाजीतबी गूळ टाकतात. मोरस उगवून दाखवा, मंग येते."

मोरस म्हणजे खाऱ्या खाजणातलं, खाडीकाठच्या दलदलीतलं, वीतभर भाजीचं झुडूप. पानं बारीक, रसाळ आणि जात्याच खारट. चिमाजीनं सासुरवाडीच्या खाजणातली चार रोपं ओल्या फडक्यात बांधून एस.टी.नं आणली, चाळीमागं मोरीच्या पाण्यावर लावली. आठवड्यात त्यांनी अशा माना टाकल्या, जणू त्यांनाही माहेर आठवलं.

"भावा, खाऱ्यातली ती, तिला साबणाचं पाणी पाजतोस व्हय?" भट्टीवरचा सयाजी म्हणाला. घाम फार जातो म्हणून कंपनी भट्टीवाल्यांना मिठाच्या गोळ्या वाटायची. गिळत कुणीच नसे. त्या दिवसापासून अख्ख्या शिफ्टच्या गोळ्या मोरशीच्या बुडाशी.

मग काय विचारता! मोरस कमरेला लागली, मग पत्र्याला टेकली. धोंडीबा गवळ्याची म्हैस एकदा तिच्यात तोंड घालून गेली, तर तिच्या दुधाच्या ताकाला आठवडाभर मीठ लागलं नाही. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

निरोप गेला आणि शालन खरंच निघाली. नेमकी त्या दिवशी चिमाजीची सकाळची पाळी. त्यानं शेजारच्या रुक्मिणीकाकींपुढं टोपलीभर मोरस ठेवली. "काकी, ती दुपारी यायची. भाजी करून वाढा. माझा संसार तुमच्या हातात हाय."

"लेका, मावळात जलम गेला माझा. मला भाजी शिकवतो का?"

आता खाजणाकाठची पोर चुलीशी बसायला लागली की पहिलं हेच शिकते: मोरस उकडायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायची, मीठ अजिबात घालायचं नाही. चिमाजीनं ती जन्मभर नुसती खाल्लेली, रांधलेली कधीच नाही. सांगणार काय, कपाळ? काकींनी सरळ फोडणीला टाकली, वर पाहुणीच्या मानानं मीठ जरा सढळ हातानंच घातलं.

पाळी सुटल्यावर चिमाजी धावत आला, तर शालन चाळीच्या नळाला तोंड लावून बसलेली. डोळे लाल. मागं काकी तांब्या घेऊन नंबर लावून उभ्या.

चिमाजीनं तिची पिशवी उचलली. "झालं," तो पुटपुटला. "पाचची एस.टी. हाय. चल, सोडतो."

शालननं पदरानं तोंड पुसलं. "कुठं सोडता? मागं येवढी मोरस माजलीय नि रांधायचं एकालाबी कळत नाय. मी गेले तर ही काकी अख्खी चाळ मारंल!"

"मला काय ठावं गं भवाने!" काकी उसळल्या. "आमच्यात देव भाजी अळणीच धाडतो."

"मोठं पातेलं काढा," शालननं नवऱ्याला फर्मावलं आणि पदर खोचला. "काकी, तुमी बसा हितं. नीट बघा."

काकी बसल्या, पण तांब्या काही त्यांनी खाली ठेवला नाही.