डावीकडे कलणारी गोळी

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या सूनबाईंनी घरात पिनबॉलचं मशीन आणलं, तेव्हा सासूबाईंनी एकच विचारलं, "हे इथे राहणार, मग वाळत घातलेले कपडे कुठे राहणार?"

प्रश्न रास्त होता. मागची खोली तळमजल्यावर, न्हाणीघराला लागून. तिथे दोरीवर कपडे वाळायचे आणि कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल असायचं. आता तिथे चार लोखंडी पायांवर पलंगाएवढं धूड उभं होतं. वर तिरपी काच आणि काचेखाली रंगीत फळी. डोक्याच्या बाजूला कपाटाच्या दारासारखा उभा फळा, त्यावर गुणांचे आकडे फिरायचे. फिरायला हवे होते, असं म्हणू. कारण मशीन मुकं होतं.

स्केटिंगचा एक हॉल कायमचा बंद होणार होता, तिथून तिने ते उचललं. हॉलच्या राखणदाराने निघताना सांगितलं होतं, "दोन वर्षं झाली, हूं की चूं नाही. तुमच्याकडे बोललं तर मला कळवा."

तिला मशीन खेळायला हवं होतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. लोखंडाची एक गोळी कुठेतरी आपटते आणि वरचा आकडा बरोबर दहाने पुढे जातो. आत कोणी मोजत बसलेलं नसतं, कॉम्प्युटरही नसतो, मग हे होतं कसं? लहानपणी हा प्रश्न विचारला तेव्हा कोणीतरी "वीज असते आत" म्हणून तिला वाटेला लावलं होतं. ते उत्तर तिच्या पचनी पडलं नव्हतं.

फळी उचलून टेकवली तर खाली तारांचं जंगल. पण जंगलातही पायवाटा असतात. एकेक तार बोटाने धरून ती पुढे जायची. गोळी आपटली की पितळेच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना टेकतात. टेकल्या की तारेचं वेटोळं चुंबक होतं आणि एक दांडी ओढतं. दांडी दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलते. संपलं. सगळी विद्या एवढीच, फक्त दोनशे वेळा. पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. चष्म्याच्या फ्रेमसाठी तिच्याकडे नखाएवढी कानस होती, तिने तिनेच एकेक पट्टी घासून काढली. सहा आठवड्यांच्या सुट्ट्या त्यात गेल्या.

ज्या दिवशी पहिली घंटा वाजली, त्या दिवशी नवरा उठून पुढचं दार उघडायला गेला.

"कोणी नाहीये गं बाहेर!" तो ओरडला.

"बाहेर नाही, आत आहे!" ती तिकडून ओरडली.

नवरा न्हावी होता, स्वतःचं सलून चालवायचा. बायकोच्या खुळाला त्याची हरकत नव्हती आणि त्यात रसही नव्हता. येऊन त्याने दोन गोळ्या खेळून पाहिल्या. गोळी उडवायचा दट्ट्या ओढला, गोळी वर गेली, टणाटण आपटत खाली आली. खालच्या बाजूला दोन आखूड दांड्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची बटणं दाबली की त्या गोळीला वर फटकावतात. त्याच्या दोन्ही गोळ्या फ्लिपरपर्यंत पोचल्याच नाहीत. डाव्या कडेच्या गल्लीतून सरळ खड्ड्यात गेल्या.

"हे डावीकडे खेचतं," तो म्हणाला. "एखाद्याचा भांग असतो ना, कितीही विंचरा, आपल्याच बाजूला पडतो, तसं."

तिलाही ते जाणवलं होतं. मशीनच्या पायांना खाली फिरवायचे स्क्रू असतात. तिने काचेवर आडवी पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची नळी, ठेवली, डाव्या बाजूचे पाय थोडे वर घेतले आणि बुडबुडा मधोमध आणला. गोळी शहाण्यासारखी धावू लागली. पुढच्या रविवारी पुन्हा डावीकडे. पुन्हा बुडबुडा, पुन्हा स्क्रू. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पायाखाली लोखंडी चकत्या घातल्या, स्क्रूला दुसरं नट आवळलं. गोळीचं म्हणणं एकच, डावीकडे.

मग ती हट्टाला पेटली. "आता हातच लावत नाही. बघू दे किती जातं ते."

दोन आठवडे तिने पायांना हात लावला नाही. त्यानंतर एका दुपारी, सासूबाई वाळलेले कपडे दोरीवरून काढत होत्या आणि ही डाव सुरू करत होती, तेव्हा वेगळंच घडलं. तिने दट्ट्या ओढायच्या आधीच मशीन गपकन बंद पडलं. दिवे गेले, फ्लिपर लुळे पडले आणि वरच्या फळ्यावर फक्त 'टिल्ट' एवढा शब्द पेटला.

"काय गं, बिघडलं?"

"नाही आई. हा शब्द पेटला म्हणजे मशीन म्हणतंय, मला हलवलं. काही लोक गोळी वाचवायला मशीनला धक्के देतात ना, तर ते रागावून डाव बंद करतं."

"कोणी हलवलं?"

"कोणीच नाही."

सासूबाईंनी हातातले कपडे इस्त्रीच्या टेबलावर ठेवले. मशीन आल्यापासून पहिल्यांदाच त्या त्याच्या जवळ आल्या. सुनेने पुढचं छोटं दार उघडून आत बॅटरी मारली. बाजूच्या फळीला एक बारीक सळई लटकत होती, सळईला पितळेचा निमुळता लोळा आणि लोळ्याभोवती लोखंडी कडं. लोळा कड्याला टेकला की डाव बंद. सुनेला धक्के देऊन गोळी वाचवणं आवडत नव्हतं म्हणून तिनेच दोघांत केसभर फट ठेवली होती. आता लोळा डाव्या बाजूने कड्याला चिकटून होता.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "अगं, हा तर ओळंबा!"

त्यांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली होती. तिथे त्यांनी रस्ते मोजले, कालवे मोजले, उन्हात दुर्बिणीला डोळा लावून उभ्या राहिल्या. निवृत्तीनंतर त्या विषयावर घरात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, आणि घरच्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

"ओळंबा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मशीन वाकडं झालंय."

"पण मी दर आठवड्याला सरळ करते ना!"

"करतेस आणि ते परत होतं. आता प्रश्न असा, की मशीन वाकडं होतंय की जमीन?"

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिच्या डोक्यातच आला नव्हता. आपण वस्तूवर संशय घेतो, ज्यावर ती उभी आहे त्यावर कोण घेतो?

"कसं कळणार?"

"मोजणीत शंका आली की आम्ही यंत्र फिरवून परत वाचायचो. खोट यंत्रात असेल तर ती यंत्राबरोबर फिरते. जमिनीत असेल तर जिथल्या तिथे राहते."

रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला कामाला लावलं. तिघांनी मिळून, पायांखाली जुनी सतरंजी घालून, मशीन जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून त्याचं तोंड उलट दिशेला केलं. नवरा घामाघूम झाला. "दिवसभर मी वीस डोकी सरळ करतो," तो म्हणाला, "आणि घरी येऊन हे."

सुनेने ओळंब्याची फट वाढवली, पायांचे स्क्रू होते तसेच ठेवले आणि गोळी सोडली. यंत्रात खोट असती तर गोळी मशीनच्या डावीकडे गेली असती. ती उजवीकडे गेली. म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीकडेच. तीनदा सोडली, तीनदा तिकडेच.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की लेकाला जरा भीतीच वाटली.

"आई, फरशीला काय पाय फुटलेत? घर चाळीस वर्षांचं आहे. असेल थोडा उतार."

"उतार असतो तर असतो, अरे. रोज वाढत नाही. हा वाढतोय का ते बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीच्या दोन टोकांना दोन सारखी स्टुलं ठेवली आणि प्रत्येकावर एक फूटपट्टी उभी बांधली. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी पाण्याने भरली आणि तिचं एकेक टोक एकेका फूटपट्टीला लावलं. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर राहणार, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. एक स्टूल खाली गेलं, तर तिथलं पाणी फूटपट्टीवर वर चढलेलं दिसणार आणि दुसरीकडचं तेवढंच उतरलेलं. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी सून एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या टोकाला. सासूबाईंना जवळचं नीट दिसत नव्हतं. सुनेने तिसऱ्याच दिवशी त्यांना नवा चष्मा करून आणला. "हे आधी का नाही केलंस?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत कुठे?" ती म्हणाली.

बारा दिवसांत न्हाणीघराच्या बाजूचं पाणी दोन मिलिमीटर वर चढलं. दुसऱ्या टोकाचं तेवढंच खाली उतरलं.

नवऱ्याने वहीतले आकडे पाहिले. मग त्याने गुडघ्यावर बसून त्या बाजूच्या फरशीवर बोटाच्या पेराने ठोकलं. दुसऱ्या बाजूला येऊन ठोकलं. परत इकडे. रिकाम्या डेऱ्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. तो उठून नळवाल्याला फोन करायला गेला.

नळवाला आला तो घाईत होता. आधी त्याने घरातले सगळे नळ बंद करायला लावले आणि बाहेर पाण्याच्या मीटरपाशी जाऊन उकिडवा बसला. मीटरमधलं लाल चक्र हळूहळू फिरतच होतं. त्यानंतर त्याला कसलीच घाई उरली नाही.

मशीन पुढच्या खोलीत हलवलं. न्हाणीघराच्या भिंतीजवळच्या चार फरश्या काढल्या, खालचा थर फोडला आणि नळवाल्याने भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला. अजून घातला, खांद्यापर्यंत गेला. खाली मातीच नव्हती. न्हाणीघराच्या पाइपाचा एक जोड उकलला होता आणि पाणी गुपचूप माती वाहून नेत होतं.

"इथे कोणी झोपतं का?" त्याने विचारलं.

"नाही. आमचं मशीन असतं."

त्याने पुढच्या खोलीत डोकावून पाहिलं. "हे? एवढ्या वजनाचं?"

"म्हणजे यानेच खड्डा पाडला?" नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती, असं सुनेला वाटलं.

"खड्डा पाण्याने पाडलाय, दादा. यानं फक्त चुगली केली. हे नसतं तर एक दिवस तुमची इस्त्री, टेबल आणि इस्त्री करणारा माणूस, सगळे खाली गेले असते."

इस्त्री नवराच करायचा.

पाइप बदलला, पोकळीत खडी-सिमेंट भरलं, फरश्या परत बसल्या. मधले तीन आठवडे मशीन पुढच्या खोलीत असल्याने आल्यागेल्याला अंग चोरून आत यावं लागे. सासूबाई प्रत्येकाला आधी ओळंबा दाखवायच्या आणि नंतर पाणी विचारायच्या. शेजारची बाई तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचा उतार मोजायला पाणसळ मागायला आली. तिच्या घरी काही निघालं नाही, पण पाणसळ चार दिवस परत आली नाही.

काम झाल्यावरही पाण्याची नळी महिनाभर तशीच ठेवली. आकडा हलला नाही. मग सासूबाईंनी नळी सोडवली, गुंडाळली आणि मशीनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता खेळून बघते," त्या म्हणाल्या.

पहिल्या तीन गोळ्या त्यांनी नुसत्या पाहिल्या. बटणं दाबायचं त्यांना सुचलंच नाही, गोळी कुठे कशी वळते हेच त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या. चौथ्या गोळीला उजवा फ्लिपर मारला, पण तो अर्धवटच उचलला गेला आणि गोळी हातची गेली.

"हा हात मंद आहे. याच्या वेटोळ्याला काय झालंय?"

"माहीत नाही. बघितलं नाही अजून."

"मग उघड की."

सुनेने काच सरकवून काढली आणि भिंतीला टेकवली. फळी उचलताना सासूबाईंनी दुसरी बाजू धरली. खालून तारांचं ते जंगल उघडं पडलं. सासूबाईंनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि उजव्या फ्लिपरपासून निघणाऱ्या पिवळ्या तारेवर बोट ठेवलं.

"ही कुठे जाते गं?" त्यांनी विचारलं.