जोडीने चालताना

भाचीला चालणारी माणसं हवी होती. तीही धडधाकट. म्हातारपणी चाल कशी बदलते, बायकांची कशी आणि पुरुषांची कशी, याचा अभ्यास तिच्या फिजिओथेरपी कॉलेजात चालला होता. तरुण मंडळी पोत्याने मिळाली, पण सत्तरीचं निरोगी जोडपं मिळेना. मग तिने मामा-मामींना गळ घातली.

मामा शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्तीनंतरही त्यांचा ताठा गेला नव्हता. मामींनी नर्सची नोकरी केलेली, जन्मभर वॉर्डात पायपीट.

लांबलचक खोलीत रबरी पट्टी अंथरली होती. गुडघ्यांना आणि घोट्यांना चाल टिपणाऱ्या चकचकीत गोळ्या चिकटवल्यावर मामा छाती काढून असे निघाले की भाचीने कपाळावर हात मारला.

"मामा, परेड नकोय! भाजी आणायला जाता तसं चाला."

"भाजी आणायलाही मी असाच जातो," मामा म्हणाले. पण दुसऱ्या फेरीला छाती जागेवर आली आणि पावलं आखूड पडू लागली.

"छान. वयाच्या मानाने चाल ठणठणीत आहे," भाची म्हणाली. 'वयाच्या मानाने' हे मामांना जरा झोंबलं.

मग मामी निघाल्या. मामा भिंतीशी खुर्चीवर बसून बघत राहिले. लहान पण भराभर पडणारी पावलं, मोकळे हलणारे हात. बघता बघता बाई पलीकडच्या टोकाला पोचलीसुद्धा. ही रोज आपल्या शेजारून चालते ती हीच का, असं त्यांना वाटून गेलं.

शेवटी भाचीने दोघांना जोडीने चालायला लावलं.

"मामी, काय झालं गं?" ती संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली. "एकटी होतीस तेव्हा वारं प्यायल्यासारखी निघाली होतीस. आता ब्रेक लावल्यासारखी का चालतेस?"

"पट्टी अरुंद आहे तुझी," मामी म्हणाल्या.

पट्टी चांगली ऐसपैस होती.

परतताना बागेच्या कडेकडेने ते चालू लागले. मग मामांनी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्यासाठी हळू चालतेस ते."

मामींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "झाली की चार-पाच वर्षं. एकदा बाजारात बोलता बोलता वळून बघते तर तुम्ही मागे. चेहरा असा केला होतात, जणू दुकानाची पाटी वाचायलाच थांबलात. मग म्हटलं, कशाला बोलायचं."

मामांचे कान तापले. "आणि पूर्वी मी पुढे निघून जायचो तेव्हा? पोरगं कडेवर घेऊन तू मागून पळत यायचीस. तेव्हा तरी ओरडायचंस."

"ओरडायला दम उरला असता तर ना!"

दोघंही हसले. मामांचं हसू आधी विरलं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"आता काय त्याचं?" मामी म्हणाल्या.

बाक दिसला तसे मामा थांबले. "मी बसतो इथे. तू जा तुझ्या चालीने, बागेला वळसा घालून ये."

"एकटी? लोक काय म्हणतील, भांडून निघाली!"

"म्हणू देत. जा."

मामींनी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, चपलेचा पट्टा आवळला आणि निघाल्या. आधी दोनदा मागे वळून पाहिलं, मग नाही. झाडांआड दिसेनाशा झाल्या तेव्हा मामांनी मान उंचावून पाहिलं. एरवी वाट पाहण्याचं काम तिचं असायचं.

त्या आल्या त्या गाल लाल करून, धापा टाकत. बाकावर टेकता टेकताच सांगू लागल्या, "अहो, पलीकडच्या तळ्याचं पाणी काढलंय सगळं. गाळ उपसतायत. चिखलात एवढं मोठं कासव बसलंय, आणि चार बाप्ये त्याला उचलायचं कसं म्हणून नुसते वाद घालतायत!"

"मग? उचललं का?"

"कुठलं! चला, दाखवते. सावकाश जाऊ. ते कुठे पळून जातंय?"

मामा उठले. या वेळी पिशवी त्यांनी आपल्याकडेच ठेवली.