मापाचे पाणी

ज्या वर्षी आमच्या धाकटीला जुळी झाली, त्या वर्षी दवाखान्यातल्या टाकीतला जावई जेवेनासा झाला.

जावई म्हणजे मासा. तळहाताएवढा, निळा, अंगावर पिवळे पट्टे. नाव ह्यांनीच ठेवले होते, कारण तो खाणे आधी न्याहाळायचा, मग तोंड फिरवायचा, आणि दोनदा आग्रह झाला की उपकार केल्यासारखा एक घास घ्यायचा. आमचे खरे जावई एकदा टाकीसमोर उभे राहून म्हणाले, "बाबा, नाव छान आहे. कुणावरून ठेवलंत?"

"आहेत एक ओळखीतले," हे म्हणाले.

हे त्या दवाखान्यात लिफ्टमन होते. पुढे बटणांची लिफ्ट आली, आत माणूस लागेना, तेव्हा ह्यांना मुलांच्या विभागातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर बसवले. सुई टोचून घ्यायला आलेली पोरे त्या टाकीसमोर रडायची थांबत. निवृत्त झाल्यावरही हे रोज जात. मोतीबिंदू काढल्यापासून रस्ता ओलांडायला मी सोबत जाऊ लागले.

समुद्रातल्या माशाला पाणी समुद्राइतकेच खारट लागते. ते मापायला ह्यांच्याकडे दोन साधने होती: पाण्यात बुडवायचे पेन आणि डोळ्याला लावायची नळी. नळीच्या काचेवर थेंब टाकून ती उजेडाकडे धरायची. आत वर निळे, खाली पांढरे दिसते. मधली रेघ पस्तिसाच्या आकड्यावर असली की पाणी ठीक. पण साधनेही हळूहळू खोटे बोलू लागतात. म्हणून मापाचे पाणी विकत मिळते, बाटलीवर पस्तीस छापलेले. दर सोमवारी हे खिडकीतल्या उन्हात बाटली उघडून बसत, पेन त्या पाण्याशी जुळवत, नळीचा स्क्रू पिळून रेघ पस्तिसावर आणत. वापरलेले पाणी पुन्हा बाटलीत ओतत. थेंब वाया गेलेला ह्यांना खपत नसे.

आणि तरी जावई दगडामागे जाऊन बसला. कल्ले भराभर हलत होते. आग्रहालाही बधेना.

"पाणी बघितलंत का?" मी विचारले.

"पस्तीस. नळी पस्तीस म्हणते, पेनही पस्तीस म्हणतं."

"मग?"

"मग काय, तेच तर कळत नाही!"

दवाखान्याचे मॅनेजर आले. "काका, टाकी आता टाक्या सांभाळणाऱ्या कंपनीकडे देऊन टाकू. तुम्ही आराम करा."

"मासा बरा होऊ द्या, मग द्या."

"बरा झाला तर कशाला देऊ?" मॅनेजर म्हणाले. "पण नाही झाला, तर मग काही बोलू नका."

त्या दिवसापासून ह्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. तसे आधीच काहीबाही चालले होते. चहात साखर दोनदा पडायची, थोरलीला धाकटीच्या नावाने हाक जायची. एकदा माझ्या चपला घालून जिन्यापर्यंत गेले. वयाचे असेल म्हणून मी सोडून दिले होते. आता मात्र ते चालता चालता थांबून पुटपुटत, "पस्तीसच आहे. मग चुकतंय कोण?"

पुढच्या सोमवारी नळीची काच पुसायला त्यांनी शुद्ध पाणी घेतले, टाकीतले पाणी उडते तेवढे भरायला जे आणत तेच. पुसता पुसता सहज नळी डोळ्याला लावली.

"अगं, रेघ गेली."

"कुठे गेली?"

"दिसत नाही. सगळं निळं. डोळे गेले गं माझे." ते बाकावर बसले.

मी नळी घेतली. मलाही नुसते निळेच दिसले. "मलाही दिसत नाही."

"म्हणजे दोघांचे एकदम गेले?"

शेवटी सुया टोचणाऱ्या सिस्टरना बोलावले. त्यांनी एक डोळा मिटून पाहिले. "निळंच आहे, आजोबा."

"घ्या! ह्यांचेही गेले."

सिस्टर हसत निघून गेल्या. मी पुन्हा पाहिले. आतल्या पट्टीवर सर्वांत खाली शून्य होते. "रेघ शून्याच्या खाली गेली असेल," मी म्हणाले.

"साध्या पाण्याला शून्य यायला हवं. शून्याच्या खाली मीठ कसं असेल?"

आम्ही दोघे नळीकडे पाहत राहिलो, मग बाटलीकडे. तिच्यातले पाणी दोन बोटे उतरले होते.

"ही कमी कशी झाली? मी तर थेंब सांडत नाही."

तेव्हा मला चुलीवर विसरलेले भांडे आठवले. "आटलं हो. उन्हात पाणी उडालं, मीठ राहिलं. बाटलीतलंच पाणी जास्त खारट झालंय. त्यावर जुळवलं, म्हणून दोन्ही साधनं सारखंच खोटं बोलली."

"म्हणजे आपण पस्तीस म्हणत होतो ते पस्तीस नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी बाटली फिरवून छापलेला आकडा बघितला. "बाटलीवर तर लिहिलंय," म्हणाले.

नवी बाटली आणून साधने तिच्याशी जुळवली. टाकी चाळिसावर निघाली. एकदम उतरवले तर मासा दगावतो, म्हणून रोज थोडे खारे काढून थोडे गोडे घातले. एके दिवशी जावई दगडामागून आला, खाणे न्याहाळले, तोंड फिरवले. दुसऱ्या आग्रहाला घास घेतला.

"आला ताळ्यावर," हे म्हणाले. मॅनेजरनी कंपनीचे नाव पुन्हा काढले नाही.

पण नंतरच्या सोमवारी हे जुनीच बाटली घेऊन बसले. मी समजावले, त्यांनी मान डोलावली. त्यापुढच्या सोमवारी पुन्हा तेच. "ही माझी आहे. हिच्यावर पस्तीस लिहिलंय." अखेर मी ती मोरीत ओतली. मग साधने मी जुळवू लागले, सावलीत, झाकण लगेच लावून, वापरलेले पाणी फेकून देऊन. हे शेजारी बसून विचारत, "किती?"

"पस्तीस."

"कुणाचं पस्तीस?"

"नव्या बाटलीचं."

मग त्यांना बरे वाटे. पुढे पुढे ते घरीही विचारू लागले. थोरली समोर आली की हळूच माझ्याकडे वळत, "ही कोण?" मी सांगे. "नक्की ना? नव्या बाटलीचं ना?" मी म्हणे, "नव्याच बाटलीचं."

जावई अजून आहे. हे गेले, जुळी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, एका बुधवारी सकाळी, चहा व्हायच्या आधी.